जाच, जाँच आणि ‘टॉर्चर’: एका शब्दाची उज्जैनहून केलेली विचारपूस

उज्जैन : काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतल्या एक काकू मुलीच्या सासरची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात निघाल्या होत्या. सोबत कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं. काकूंचं अख्खं आयुष्य उज्जैनला गेलं, पण त्यांची हिंदी अजून मराठीच्या अंगानेच चालते. मुंशीजींनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, “बताइए माताजी, क्या हुआ?” काकू म्हणाल्या, “लड़की को ससुराल में बहुत जाच है.” मुंशीजींनी पेन थांबवलं. “जाँच? काहे की जाँच? डॉक्टर की?”

पुढचं शेवटी सांगतो. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात राहिला एवढं खरं. हल्ली आपल्या पोर्टलवर येणाऱ्या बातम्यांत, वाचकांच्या निरोपांत, व्हॉट्सॲपवर ‘टॉर्चर’ हा शब्द दिवसातून दहा वेळा दिसतो. ट्रॅफिकचं टॉर्चर, उन्हाचं टॉर्चर, बँकेच्या रिकव्हरीवाल्यांचं टॉर्चर, ‘बॉस फार टॉर्चर करतो यार’. सासरचं टॉर्चर आहेच. आणि पोलीस कोठडीत माणूस मेला, तरी शब्द तोच. एकच शब्द एवढी ओझी वाहतो, तेव्हा तो नेमकं काय सांगतो हे एकदा नीट पाहिलं पाहिजे.

मूळ अर्थ पिळण्याचा

टॉर्चर हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला. तिथल्या ‘टॉर्क्वेरे’ या क्रियापदाचा अर्थ पिळणे, मुरगळणे. नट-बोल्ट आवळताना मेकॅनिक ‘टॉर्क’ म्हणतो, त्याचं मूळही हेच. मराठीनेही असाच एक शब्द घडवला आहे, पिळणेपासून पिळवणूक. फरक असा की आपली पिळवणूक बहुधा पैशाची आणि श्रमाची असते, सावकार करतो, ठेकेदार करतो. टॉर्चरमध्ये पिळलं जातं ते शरीर, आणि त्यातून काढायचा असतो शब्द. कबुली, नाव, सही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात या शब्दाला पक्की व्याख्या आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९८४ रोजी छळविरोधी करार स्वीकारला आणि तो २६ जून १९८७ पासून लागू झाला. म्हणून २६ जून हा छळ सोसलेल्यांच्या समर्थनाचा दिवस मानला जातो. या करारानुसार टॉर्चर ठरायला काही गोष्टी एकत्र याव्या लागतात. वेदना तीव्र हवी, शारीरिक असो की मानसिक. ती जाणूनबुजून दिलेली हवी. त्यामागे हेतू हवा: माहिती किंवा कबुली काढणे, शिक्षा करणे, धाक दाखवणे, जबरदस्ती करणे किंवा भेदभाव. शिवाय ती सरकारी अधिकाऱ्याने दिलेली असावी, त्याच्या सांगण्यावरून दिलेली असावी किंवा त्याने डोळेझाक केल्यामुळे घडलेली असावी.

ही शेवटची अट महत्त्वाची. तिच्या हिशेबाने बॉसचा त्रास टॉर्चर होत नाही. सासूचा जाच कितीही भयंकर असला, तरी तो या कराराच्या नेमक्या अर्थाने टॉर्चर नाही. तो गुन्हा आहेच, फक्त त्याचं कायद्यातलं खातं वेगळं. इथे ज्याच्या हाती तुम्हाला राखायची जबाबदारी आहे, तोच मारणारा असतो. ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याच्याविरुद्धच तक्रार असते.

चार शब्द, दोन भाषांत दोन अर्थ

आता आपल्या शब्दांकडे येऊ. इथे उज्जैनकरांची मोठी पंचाईत आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मराठी घरं आहेत. या घरांत आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत मोठे झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत, यावरून काय ते समजा. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्द बरेचसे एक, पण अर्थ कधी कधी भलतेच. आणि हे नेमकं दुःखाच्या, त्रासाच्या शब्दांत जास्त होतं.

पहिला छळ. संस्कृतातल्या ‘छल’ या शब्दाचा अर्थ कपट, फसवणूक. हिंदीने तो अर्थ तसाच ठेवला, म्हणून ‘छल-कपट’. मराठीत मात्र ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि फसवणुकीची जागा त्रासाने घेतली. सतत, मुद्दाम, समोरच्याला मोडून टाकण्यासाठी दिलेला त्रास. नाझींच्या कॅम्पला आपण ‘छळछावणी’ म्हणतो, हिंदीवाले ‘यातना शिविर’ म्हणतात. आपल्या ‘छळ’ शब्दाचं वजन या एका जोडीतून कळतं. इथे उज्जैनमध्ये कुणाला ‘उसके साथ छल हुआ’ असं सांगितलं, तर ऐकणारा समजेल की प्लॉटच्या व्यवहारात बुडाला बिचारा.

दुसरा जाच. हा घरातला, रोजचा, बारीक घासणारा त्रास. एक फटका म्हणजे जाच नव्हे. चप्पल जशी त्याच जागी रोज लागते तसा. ‘सासरच्या जाचाला कंटाळून’ हे मराठी बातमीतलं किती जुनं वाक्य आहे! पण हिंदीच्या कानाला हा ‘जाँच’ ऐकू येतो, म्हणजे चौकशी, तपासणी. काकूंची गाडी अडली ती इथेच.

तिसरा हाल. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द, मूळ अर्थ नुसता ‘स्थिती’. हिंदीत तो अजून तसाच आहे, ‘क्या हाल है’. मराठीत ‘हाल’ म्हटलं की वाईटच स्थिती. ‘पावसात फार हाल झाले.’ तो दुप्पट केला की ‘हालहाल’, आणि हा शब्द मराठी माणसाच्या मनात एका घटनेला कायमचा चिकटला आहे. १६८९ साली औरंगजेबाने संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं, असंच आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. टॉर्चर करून ठार मारणे याला मराठीत याहून अचूक शब्द माझ्या माहितीत नाही. पण तो पोवाड्यात आणि इतिहासाच्या धड्यात राहिला, एफआयआरमध्ये आला नाही.

चौथा शिक्षा. हा थेट टॉर्चरचा शब्द नव्हे, पण वगळवत नाही. माझ्या भावाची मुलगी पुण्याहून पहिल्यांदा उज्जैनला आली, तेव्हा रस्त्यावर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी बघून घाबरली होती. तिला वाटलं, इथे शिक्षा देतात. संस्कृतात शिकवणे, हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. छडीने शिकवायच्या काळाची ही आठवण असावी, असं आपलं माझं मत.

यातना हा शब्द दोन्ही भाषांत सारखा आहे. तो आला पुराणांतून. यमाच्या दरबारात पाप्याला जे भोगावं लागतं ती यातना. तिथे एक ‘यातनादेह’ही सांगितला आहे: मेल्यानंतर खरं शरीर तर जळून गेलेलं असतं, मग भोगायला काहीतरी हवं, म्हणून जिवाला असा देह मिळतो. त्यामुळे यातना या शब्दात मुळातच एक गृहीत आहे, की भोगणाऱ्याने काहीतरी केलेलंच असणार. कोठडीत मार खाणाऱ्याविषयी बाहेरच्यांची पहिली प्रतिक्रिया आठवा, ‘काहीतरी केलं असेल, त्याशिवाय का?’

हिंदी कागदपत्रांत चालणारा शब्द आहे ‘प्रताड़ना’. हुंड्याच्या छळाला ‘दहेज प्रताड़ना’. मराठीत ताडन म्हणजे मारणे एवढंच, आणि तेही जुन्या भाषेत. मध्य प्रदेशात तक्रार देणाऱ्या मराठी माणसाने हा शब्द लक्षात ठेवावा. त्यामागची गोष्ट शेवटी येईल.

चौकशी आणि छळ शेजारी-शेजारी

जाच आणि जाँच हे नुसते कानाला सारखे शब्द आहेत, एक दुसऱ्यातून आला असं मी म्हणत नाही. पण जगाच्या इतिहासात चौकशी आणि छळ खरोखर एकाच शब्दाने ओळखले गेले आहेत. रोमन कायद्यात ‘क्वेस्तिओ’ म्हणजे विचारणा, आणि शरीराला पीडा देऊन सत्य काढणे यालाही तोच शब्द. रोमन समाजात गुलामाची साक्ष अशा पद्धतीने घ्यायचा रिवाज होता. फ्रान्सच्या जुन्या न्यायव्यवस्थेत ‘ला केस्त्यों’, म्हणजे शब्दशः ‘प्रश्न’, हे कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या छळाचं अधिकृत नाव होतं. राज्यक्रांतीच्या तोंडावर, १७८० आणि १७८८ मध्ये, ते टप्प्याटप्प्याने बंद झालं. पुढे अल्जीरियात फ्रेंच सैन्याने केलेल्या छळाची हकीकत आँरी अलेग या पत्रकाराने १९५८ साली लिहिली, तेव्हा पुस्तकाला नाव हेच दिलं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. ‘इन्क्विझिशन’ या शब्दाचा अर्थही चौकशीच. गोव्यात ती १५६० मध्ये बसली आणि १८१२ मध्ये कायमची उठली. डेलाँ नावाच्या फ्रेंच माणसाने तिथल्या कैदेत काय भोगलं ते युरोपात परतून छापलं, आणि अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या साऱ्या कारभारावर इंग्रजीत पुस्तक काढलं. लोक त्या इमारतीला कोकणीत ‘व्हडलें घर’ म्हणत, म्हणजे मोठं घर. आपल्याकडे तुरुंगाला ‘सासर’ किंवा ‘मामाचं घर’ म्हणतात, तीच चाल.

मराठी राज्यातही शरीराला सत्य विचारायची पद्धत होती, दिव्य. कढत तेलात किंवा तुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने काढायचा, ते रवादिव्य. हात भाजला नाही तर खरा. याला टॉर्चर म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो, कारण तिथे वेदना देणारा माणूस स्वतःला बाजूला ठेवतो, निवाडा देवाचा. ‘अग्निदिव्यातून जाणे’ हा वाक्प्रचार मात्र त्यातूनच उरला.

आमच्या बातम्यांतली भाषा

आता थोडं आमच्याच धंद्याविषयी. मी बी.कॉम. झालो, चुकून पत्रकारितेत आलो, आणि पहिल्या वर्षीच एक साचा शिकलो: ‘पोलिसांनी संशयिताला विश्वासात घेऊन विचारपूस केली असता त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. दुसरा साचा थोडा उघडा: ‘पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला.’ हिंदीत ‘सख्ती से पूछताछ करने पर’. पहिल्यात मार अजिबात दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो पण गमतीचा वाटतो. तिन्हींत एक गोष्ट समान आहे, वाक्याच्या शेवटी कबुली असते. म्हणजे जे झालं ते कामाला आलं, असं आम्ही सांगूनच टाकतो.

याच जातीचे आणखी शब्द: प्रसाद, पाहुणचार, समाचार घेणे, ‘चौदावे रत्न’. हे चौदावे रत्न म्हणजे अस्सल मराठी कल्पना. समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, आणि त्या अमृताचे थेंब जिथे सांडले म्हणतात, त्यातलं एक ठिकाण आमची क्षिप्रा. त्यासाठीच तर इथे सिंहस्थ भरतो, पुढचा २०२८ मध्ये. मराठीत मात्र चौदावे रत्न दाखवणे म्हणजे चाबूक दाखवणे, झोडपणे. घाटावर कुणा हिंदी पंडितजींना हा अर्थ सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

‘थर्ड डिग्री’ हा शब्द अमेरिकन पोलिसांच्या बोलीतून आला. फ्रीमेसन मंडळींच्या तिसऱ्या पायरीच्या कडक विधीवरून तो पडला, असं बहुतेक मानतात. तिथे १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाने पोलिसांच्या बेकायदा वागण्यावर अहवाल दिला आणि हा शब्द सरकारी दफ्तरात आला. आपल्याकडे तो आला सिनेमातून, आणि इतका रुळला की जणू थर्ड डिग्री ही तपासाची एक मान्य पातळी आहे, पहिली-दुसरी झाली की तिसरी. तसं काही नाही. पहिली, दुसरी, तिसरी कुठलीच डिग्री कायद्यात नाही.

कायद्यात शब्द आहे, व्याख्या नाही

एका गोष्टीने मी चक्रावलो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३३० होतं, कबुली काढण्यासाठी दुखापत करणे. त्याखाली समजुतीसाठी उदाहरणं दिली होती. पहिलंच उदाहरण असं, की एक पोलीस अधिकारी एखाद्याने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याला ‘टॉर्चर’ करतो, तर तो या कलमाखाली दोषी. म्हणजे शब्द १८६० पासून कायद्याच्या पुस्तकात आहे! त्याच्या पाचच वर्षं आधी, १८५५ मध्ये, मद्रास इलाख्यात शेतसारा वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी एका आयोगाने केली होती. त्यामुळे कायदा लिहिणाऱ्यांना वस्तुस्थिती ठाऊक नव्हती असं नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हा नियमही त्याच दशकातला, १८६१ चा. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ म्हणून आला.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं ३३० आणि ३३१ आता कलम १२० मध्ये आहे. साधी दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद. पण टॉर्चर म्हणजे काय, हे ना जुन्या कायद्याने सांगितलं, ना नव्याने. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की या शब्दाची व्याख्या संविधानातही नाही आणि दंडाच्या कायद्यांतही नाही.

मी कॉमर्सवाला, म्हणून मला हे खतावणीसारखं दिसतं. ज्या नावाचं खातंच उघडलेलं नाही, ती रक्कम मुनीम कुठेतरी टाकणारच. किरकोळ खर्चात टाकेल, नाहीतर घसाऱ्यात. कोठडीतल्या मृत्यूचंही तेच होतं. नोंद होते ‘आजारपण’, ‘आत्महत्या’, ‘पळून जाताना पडला’.

रामपुऱ्याचा नाथू बंजारा

हे नुसतं बोलणं नाही. आमच्याच उज्जैन विभागात, गांधीसागर जलाशयाच्या काठी रामपुरा आहे. जुनं होळकरी गाव. आज नीमच जिल्ह्यात आहे, १९८१ मध्ये मंदसौर जिल्ह्यात होतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाथू बंजारा नावाच्या माणसाला एका खुनाच्या चौकशीसाठी रामपुरा ठाण्यात आणलं. तिथल्या मारहाणीत तो मेला. पुढे कागदावर जे झालं ते बघण्यासारखं आहे. ज्याचं नाव-गाव ठाण्याला पक्कं माहीत होतं, त्याची नोंद कुणी अनोळखी जखमी माणूस म्हणून झाली, आणि प्रेताची विल्हेवाट ‘लावारिस’ म्हणून लावली गेली.

सत्र न्यायालयात सगळे पोलीस सुटले. उच्च न्यायालयात एका उपनिरीक्षकाला खोटी नोंद करणे, पुरावा नष्ट करणे अशा कलमांत शिक्षा झाली, मृत्यूबद्दल नाही. मे १९९५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चौदा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची जबाबदारीही पोलिसांवर ठेवली. ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी’ या नावाने हा निकाल वकील अजून दाखवतात. त्यातला मुद्दा साधा होता: ठाण्याच्या आत काय घडलं याला साक्षीदार पोलीसच असतात, आणि ते भाईचाऱ्यापायी तोंड उघडत नाहीत. तरीही कोर्ट डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीचाच हट्ट धरत असेल तर कोठडीतला एकही खटला टिकणार नाही.

याच निकालात न्यायालयाने विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालाची आठवण करून दिली. १९८५ चा तो अहवाल. त्यातली सूचना अशी, की माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झाला तर ती जखम पोलिसांनीच केली असं मानायची मुभा कोर्टाला असावी, आणि खुलासा पोलिसांनी करावा. चाळीस वर्षं झाली. ते कलम आलेलं नाही, २०२४ च्या नव्या कायद्यांतही नाही.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं वाचकांना आठवत असतील. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात अनिकेत कोथळे याचा मृत्यू झाला. आधी ‘आरोपी पळाला’ असं सांगितलं गेलं, आणि मग आंबोलीत प्रेत जाळल्याचं बाहेर आलं. परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबर २०२४ रोजी मरण पावला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. रामपुऱ्यात ‘लावारिस’, सांगलीत ‘पळाला’. शब्द बदलले, काम तेच.

भारताने त्या आंतरराष्ट्रीय करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. पण सही वेगळी आणि संमतीची पक्की मोहोर वेगळी. ती अजून लागलेली नाही, कारण त्याआधी देशात तसा कायदा हवा. मे २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं होतं. त्यात व्याख्या होती, पण तोकडी, गंभीर दुखापत किंवा जिवाला धोका असेल तरच छळ. तक्रार सहा महिन्यांत द्यायची, आणि खटल्याला सरकारची आधी परवानगी. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिलं, समितीने बऱ्याच सुधारणा सुचवल्या, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही संपलं. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. तो अहवालच राहिला.

कोणता शब्द कुठे

वाचक विचारतात म्हणून थोडं कामाचं. सासरच्या प्रकरणात मराठीत ‘शारीरिक व मानसिक छळ’ बरोबर, मध्य प्रदेशातल्या कागदावर ‘प्रताड़ना’ किंवा ‘क्रूरता’. कलम पूर्वी ४९८-अ होतं, आता न्याय संहितेचं ८५, आणि क्रूरता म्हणजे काय ते ८६ मध्ये. पोलिसांनी मारलं असेल तर नुसतं ‘टॉर्चर केलं’ लिहून भागत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्या नावाचं खातं नाही. कोण, कधी, कशाने, शरीरावर कुठे, आणि काय कबूल करायला सांगत होते, हे लिहा. तो शेवटचा तुकडा असल्याशिवाय कलम १२० बसत नाही, आणि नेमका तोच लोक विसरतात.

अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी हा त्याचा हक्क आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३. त्या अहवालाची प्रत मागा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं जातं, तिथे दंडाधिकारी ‘काही तक्रार?’ विचारतात. बहुतेक जण मागे उभ्या पोलिसाकडे बघून ‘नाही’ म्हणतात. हे सांगणं सोपं आहे, तिथे उभं राहणं नाही, याची मला कल्पना आहे. कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर दंडाधिकारी चौकशी सक्तीची आहे, कलम १९६. आणि कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला द्यावी लागते, हा दंडक १९९३ पासून आहे. ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. फुटेज मागायचं असेल तर लवकर मागावं, लेखी मागावं.

बातमीदारांसाठी एवढंच की ‘विश्वासात घेऊन’ हे दोन शब्द मी आता लिहीत नाही. ‘चौकशीत कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले’ असं लिहितो. ट्रॅफिकच्या टॉर्चरवर माझं काही म्हणणं नाही, बोलीत शब्द सैल होतातच. मथळ्यात मात्र जपून.

काकूंचा कागद

तर, मुंशीजी. मी मध्ये पडलो, म्हटलं “जाँच नहीं साहब, प्रताड़ना. मारपीट करते हैं, खाना नहीं देते.” ते हसले, म्हणाले, “तो ऐसा बोलो ना.” लिहून झाल्यावर त्यांनी कागद वाचून दाखवला. तो त्यांनी वाचून दाखवायचाच असतो, आणि एफआयआर झाली की तिची प्रत फुकट द्यायची असते, हेही लक्षात ठेवा. काकू सही करायच्या आधी थांबल्या. मला हळूच विचारलं, “प्रताड़ना म्हणजे काय रे?”

मी म्हटलं, “छळ, काकू.”

“अरे, मग छल नको लिहू म्हणावं त्याला,” काकू म्हणाल्या. “फसवलं नाही त्यांनी. मारलंय.”

मुंशीजींनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. ‘छल’ कुठेच नव्हतं. काकूंनी सही केली, खाली तारीख मराठीत घातली.